कूलरची टाकी दाखवायची

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

गाडीच्या घाईत बोलायचं राहिलं, म्हणून लिहितेय. बाबा, तान्ह्या पोळ्याला इतवारीत मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली तेव्हा "रोगराई घेऊन जा गे मारबत!" असं तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडलात. आणि घरी येऊन मी मागच्या खोलीतल्या कूलरची ताटी काढली, तर टाकीत चार बोटं पाणी, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. दोन डास तर तोंडावरच आले, पायांवर पांढरे पट्टे असलेले.

"नळाचं चांगलं पाणी आहे बाप्पा, डास तर नालीवर होतात," हे तुमचं उत्तर. नालीवरचे वेगळे. डेंग्यू-चिकनगुन्याच्या एडिस डासाला स्वच्छ साचलेलं पाणीच आवडतं, आणि तो दिवसा चावतो. नुसती टाकी उपडी करूनही भागत नाही. अंडी आतल्या भिंतीला चिकटतात, कोरडी होऊनही महिनोन् महिने तग धरतात. दर आठवड्याला ब्रशनं घासायची.

आई, पूर्वी मृगाचा पाऊस लागला की कूलर झाकून गच्चीवर जायचा. आता दोन दिवस धो धो कोसळतो, मग पंधरा दिवस दडी मारतो, की पुन्हा उकाडा, पुन्हा कूलर. मेच्या ४५ अंशांत डासही हैराण असतो, त्याचे दिवस हे असे दमट उकाड्याचे. डेंग्यूचा विषाणू डासाच्या अंगात तयार व्हायला २५ अंशांना साधारण दोन आठवडे लागतात, ३० अंशांना जेमतेम आठवडा. डास जगतोच मुळी दोन-चार आठवडे! म्हणजे उकाड्यात रोग पसरवायला त्याला जास्त दिवस मिळतात. हवामान बदलाच्या बातम्यांपेक्षा मला या गणिताचीच जास्त धास्ती वाटते.

बाबा, मागच्या वर्षी डेंग्यूचा ताप उतरला म्हणून तुम्ही आंघोळ करून बँकेत गेलात आणि रांगेतच चक्कर येऊन बसलात, आठवतं? डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच सांभाळायचं असतं. आणि अंगदुखीला घरातली ॲस्पिरिन, ब्रुफेन घ्यायची नाही, डॉक्टरांकडे जायचं.

आता गणपती आलेच. दुर्वा काढायला शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या गवतात चपला घालून जाऊ नका, बूट-मोजे घाला. २०१८ साली नागपुरात, विदर्भात स्क्रब टायफस नावाच्या तापानं माणसं गेली, ती अशाच झुडपा-गवतातल्या बारीक किड्यामुळे. नंतर ताप आला तर काखेत, कमरेत काळी खपली दिसते का बघायचं, आणि डॉक्टरांना गवताचं आवर्जून सांगायचं. तेच आपण विसरतो.

टाकी मी घासून आलेय. कूलर काढा म्हणत नाही, ऑक्टोबर मलाही माहीत आहे. पण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर टाकी दाखवायची. मोबाईल आईनं धरायचा. बाबा नुसती ताटी दाखवून फोन ठेवतील.

तुमची,
छोटी