मोटरचा रंग कोणता होता

प्रिय सोनू,

परवा फोनवर मी म्हटलं की पोलिसांनी मारून जबाब घेतला तर केस फेकून द्यायची, त्यात मूट, म्हणजे कॉलेजातला तो सरावाचा खटला, कसली करताय, आणि तू हसलीस. मग तू पाठवलेलं ते सिमिओचं जजमेंट काढलं आणि रात्री दोनपर्यंत वाचत बसलो, तुझी आई दोनदा येऊन लाईट घालवून गेली.

२००७ ला ग्रीसच्या झाकिन्थोस बेटावर नाइटक्लबात एक ब्रिटिश पोरगं पडलं आणि गेलं, आळ आला दुसऱ्या ब्रिटिश पोरावर, तोच हा सिमिओ. त्याच्याच दोन मित्रांनी त्याच्याविरुद्ध जबाब दिले आणि सुटल्या सुटल्या मागे घेतले, म्हणाले पोलिसांनी बडवून सह्या घेतल्या. पोरगा इंग्लंडात, ग्रीसनं वॉरंट धाडलं, आणि २००९ ला लंडनचं हायकोर्ट म्हणालं की आम्ही बघणार ते एवढंच, मागणाऱ्यांनी एक्स्ट्राडिशनच्या, म्हणजे आरोपी दुसऱ्या देशाच्या हवाली करायच्या, प्रक्रियेचाच गैरवापर केलाय का, जबाब कसे मिळवले ते तिकडचं कोर्ट बघेल. दिलं धाडून. जवळपास अकरा महिने जेलात, मग बेल, आणि २०११ ला निर्दोष.

आता कोर्टाचंही अगदीच खोटं नाही गं. साक्षीदार तिकडं, फौजदार तिकडं, लंडनला बसून कुठल्या कुठल्या ठाण्याची चौकशी करणार. पण बेनेटच्या केसमधे, १९९३ ला, हेच इंग्लंड म्हणालं होतं की एक्स्ट्राडिशनला बगल देऊन, पोलिसांनी आपसात ठरवून माणूस परदेशातनं आणला असेल तर खटलाच थांबवता येतो. (सावरकरांच्या वेळी हेसुद्धा नव्हतं, मार्सेलिसला फ्रेंच पोलिसानं धरून इंग्रजांच्या हातात दिलं आणि १९११ ला हेगचा लवाद म्हणाला चूक झाली खरी, पण परत द्यायचं काही बंधन नाही.) म्हणजे माणूस वाकड्या वाटेनं आणला तर कोर्टाला चालत नाही आणि ज्या कागदावर तो मागितला तो कागदच वाकडा असला तर चालतो? मला नाही पटत. तू टोलमनची २००६ ची केस धरून बोल. गैरवापर झाला असं मानायला सबळ कारण दिसलं की जजनं मागणाऱ्या देशाकडनं खुलासा घ्यायचा आणि गैरवापर झालेला नाही अशी खात्री पटल्याशिवाय माणूस द्यायचा नाही. आणि मारहाणीवर अडू नकोस, जबाब मागे घेतलेत हे ठाऊक असून ग्रीसनं तेच पुढं केले का, हे विचार, ती गोष्ट एक्स्ट्राडिशनच्या आतलीच आहे.

एवढं का लागलं ते सांगतो, तुझ्या आईलासुद्धा सगळं माहिती नाही. तुझा जन्म व्हायच्या आधी मी एकदा पंच होतो. चहाच्या टपरीवर उभा होतो, ओळखीचा हवालदार आला, म्हणाला साहेब जरा सही द्या. पंचनामा लिहून तयार, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारलेली. शेतातली पाण्याची मोटर चोरीला गेलेली, ती म्हणे आरोपीनं आपल्या गोठ्यातनं माझ्यासमोर काढून दिली. मी तो गोठा आजपर्यंत बघितलेला नाही. चहा पीत पीत सही केली, कोण पोलिसाला नाही म्हणतंय आणि वाटलं चोरच असणार की.

कोर्टात त्याच्या वकिलानं एकच विचारलं, मोटरचा रंग कोणता होता? मी म्हटलं हिरवा. मुद्देमाल टेबलावर कापडाखाली झाकलेला होता, त्यानं कापड उचललं तर निळी मोटर. मागं कुणीतरी हसलं. माणूस सुटला. पण तोवर आठ महिने बिंदू चौकातल्या जेलात काढून झाले होते त्याचे, हंगाम गेला, म्हशी विकल्या. आणि मी घरी येऊन काय म्हटलं असेल तर, बघा, चोर सुटला. लई वर्षं तसंच सांगत होतो लोकांना, पोलिसांनी घोळ घातला म्हणून चोर सुटला. त्यानं मोटर चोरली होती का नव्हती, मला काय माहीत? माहिती असायला मी तिथं कुठं होतो.

मूट कधी आहे ते कळव, तुझ्या आईला त्या दिवशी अंबाबाईला जायचंय. कांदा-लसणाची चटणी कुरियरनं धाडली आहे, दोन पिशव्यांत बांधून, तरी वास येणारच.

तो माणूस अजून गंगावेशीत दूध कट्ट्यावर दिसतो कधीमधी. म्हातारा झालाय. मला ओळखतो का माहीत नाही, मी अजून विचारलेलं नाही.

तुझे पप्पा