जुना गिअरबॉक्स, कच्ची चिठ्ठी

संपादक साहेब,
माझ्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स सायनच्या ट्रॅफिकमध्ये बसला, नवीन परवडेना म्हणून कुर्ल्यातून जुना आणला. दुकानदार म्हणे एकदम चालू माल, पण बिल मागितलं तर कच्ची चिठ्ठी हातात. दोन आठवड्यांत परत झटके! दुसऱ्या मेकॅनिकनं तेल काढलं तर काळंकुट्ट, जळका वास, वर म्हणतो आधीच्या बॉक्सचा चुरा ऑइल कूलरमध्येच (गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा भाग) राहिला होता, कूलर फ्लश न करता, म्हणजे आतून धुऊन न काढताच दुसरा बॉक्स बसवला की तोही जातो (हे आधी कोणी सांगायचं?) आणि मजुरी डबल ती वेगळीच. निदान कुठल्या गाडीतून काढला, ती किती किलोमीटर चालली, एवढं तरी बिलावर लिहायची सक्ती करा.
— एक वाचक, चेंबूर