पंचनाम्यात झोपेचा रकाना कुठाय?

संपादक साहेब, नमस्कार.

सप्टेंबर २०२५ ला सीना नदीला पूर आला तेव्हा आमच्या ताईच्या घरात छातीएवढं पाणी होतं. गाळाची रेघ भिंतीवर अजून आहे, दोनदा चुना मारला तरी वर येतीय. तलाठी आले, पंचनामा झाला, माती किती वाहून गेली, जनावरं किती गेली सगळं लिहून घेतलं आणि ते गरजेचंच होतं. पण दाजींना झोप लागते का हे कुणी विचारलं नाही, आम्हीपण नाही.

दाजींची दारू सहा वर्षं बंद होती. पुरानंतर पहिले दोन महिने माणूस नुसता पळत होता, गाळ काढ, मोटर शोध, बँकेत जा, सगळं गाव म्हणायचं काय खंबीर माणूस आहे. त्रास सुरू झाला तो धावपळ संपल्यावर. रात्री पत्र्यावर चार थेंब वाजले की उठायचे, बॅटरी घेऊन नदी बघून यायचे आणि मग उजाडेपर्यंत बाजेवर बसून. कुणीतरी म्हणालं थोडी घ्या, झोप लागंल. थोडीची क्वार्टर झाली, मग दोन.

डॉक्टरांनी समजावलं तेव्हा डोक्यात उजेड पडला, दारूनं डोळा लवकर लागतो पण उत्तररात्री झोप मोडते, सकाळी जीव आणखी घाबरा होतो आणि तेवढ्याच झोपेसाठी पुढं जास्त प्यावी लागते. आमची एक चूक पण सांगतो, दुसऱ्या कुणी करू नये म्हणून. आम्ही त्यांना दोन दिवस खोलीत कोंडून ठेवलं. हात थरथरायला लागले, घामानं बनियन भिजला, भिंतीवर पाणी चढतंय म्हणून ओरडायला लागले. रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जीवसुद्धा जाऊ शकतो, त्यामुळं ती डॉक्टरांच्या देखरेखीतच सोडवायची असते हे आम्हाला माहीतच नव्हतं.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं आपत्तीग्रस्तांच्या मानसिक आधारासाठी २००९ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्यात. आपल्या जिल्ह्यात २०२१ ला ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' करून हातभट्टी गाळणाऱ्यांना दुसरे धंदे लावून दिले, मला त्याचा खरंच अभिमान आहे. गाळणाऱ्याचा विचार होतो तर पिणाऱ्याचा का होऊ नये? आशाताई घरोघरी जातातच, पूर ओसरल्यावर महिन्यानं, परत सहा महिन्यांनी आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी एवढंच विचारावं, झोप लागते का, पिणं वाढलंय का. आणि हे काम त्यांच्यावर फुकट लादू नये, त्याचा मोबदला द्यावा. मानसिक त्रासात मदतीसाठी सरकारचा टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, रात्री-अपरात्रीपण लागतो, मराठीत बोलता येतं, पण आमच्या गावात तो कुठंच लिहिलेला नाही. तलाठी कार्यालयाच्या, सोसायटीच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा की.

दाजींची ट्रीटमेंट चालू आहे, मध्ये एकदा परत प्यायले, परत गेलो डॉक्टरांकडं. पण सगळ्यांचं लक्ष दाजींवर. ताई आधी सकाळी एकदाच तंबाखूची मिश्री लावायची, आता दिवसातनं सात-आठ वेळा लावते आणि हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

– एक वाचक, सोलापूर