आमच्या बाल संरक्षण अधिकारी ताईंना, चारचौघांत आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव नाही आणि मी सांभाळते त्या मुलीचंही नाही. मुलीची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ची मनाई आहे, आणि तुमचं नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलंत. तरी आभार उघडपणे मानतेय. प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर, दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणं, तुम्ही मला जसं समजावलंत तसं समजावणारं माणूस सगळ्यांना भेटत नाही.

प्रतिपालकत्वाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांची बातमी वाचून मी तुमच्या कार्यालयात आले होते. अविवाहित, घटस्फोटित, विधवा, कायद्याने विभक्त, अशा 35 ते 60 वयाच्या एकट्या माणसालाही आता सहा वर्षांवरचं मूल सांभाळता येतं, एवढंच मला ठाऊक होतं. (एकट्या बाईकडे मुलगा किंवा मुलगी कुणीही देतात, एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगाच.) तुम्ही अर्ज पुढे सरकवण्याआधी विचारलंत, "मूल परत गेलं तर?" त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, आणि तुम्हीही आग्रह धरला नाहीत. शांतपणे दत्तक आणि प्रतिपालकत्व यांतला फरक सांगितलात. दत्तक दिलेलं मूल कायद्याने नव्या घराचं होतं. इथे तसं नाही. मुलाचे आईवडील त्याचेच राहतात, त्यांना त्याला भेटता येतं, आणि ते त्याला सांभाळू शकतील असं बालकल्याण समितीला, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीला, वाटलं की मूल घरी जाऊ शकतं. दोन वर्षं मूल आपल्याकडे राहिलं तर दत्तकासाठी अर्ज करता येतो, पूर्वी त्याला पाच वर्षं लागत. पण ती वाट कायद्याने दत्तकयोग्य ठरलेल्या मुलांची, आपल्या मुलीला आई आहे, हेही तुम्ही तेव्हाच स्पष्ट केलंत. गोड बोलून मला अडकवलं नाहीत, याचे आभार सगळ्यात आधी.

मग पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, उत्पन्नाचे कागद. गृहभेटीला आलात तेव्हा माझ्या आईने घर लख्ख करून ठेवलं होतं. तुम्ही फरशीकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीचा स्वतःचा कप्पा कुठला, मी बँकेतून उशिरा आले तर तिच्याजवळ कोण, आणि आईला हे मनापासून मान्य आहे का, हेच विचारत राहिलात. आईला तर स्वयंपाकघरात नेऊन वेगळं विचारलंत. ती अजून सांगते, "बाई हुशार आहे हो, माझ्याकडून सगळं काढून घेतलं."

पैशांबद्दलही तुम्ही आडपडदा ठेवला नाहीत. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना 4000 रुपये मिळतात. ते मुलीच्या खर्चासाठी, त्यावर घर चालवायचा विचार असेल तर येऊ नका, असं तुम्ही पहिल्याच बैठकीत सांगता. राज्याच्या बालसंगोपन योजनेचे 2250 रुपये वेगळे, त्यातली बरीच मुलं आपल्याच आईकडे किंवा आजीकडे राहतात. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात आणि मग नातेवाइकांत कुजबुज सुरू होते. आमच्याकडेही झाली. तुम्ही दिलेले आकडे मी तोंडावर सांगितले, विषय मिटला.

मुलगी आली तेव्हा नऊ वर्षांची होती. उशीखाली पोळ्या सापडायला लागल्या तेव्हा मी घाबरून तुम्हाला फोन केला. "रागावू नका, काढूनही घेऊ नका. तिच्या नावाचा एक डबा भरून तिच्या हाताशी ठेवा," असं तुम्ही सांगितलंत. तो डबा अजून आहे. हल्ली त्यात बहुतेक खोडरबरं असतात.

पण मला मुख्य सांगायचंय ते तिच्या आईबद्दल. ती आजारातून उठतेय, काम शोधतेय. पहिल्या भेटीत तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मुलगी परत येताना एक अक्षर बोलली नाही आणि रात्री माझ्या अंगावर वस्तू भिरकावल्या. या भेटी बंद करा असं सांगायला मी तुमच्याकडे आले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ती रडते कारण तिला आई आहे. ते आपल्याला हवंच आहे ना?" मग एक वही दिलीत. तिच्या आईला विचारून लिहून घ्यायला सांगितलंत: मुलगी काय खात नाही, कशाला भिते, झोपताना दिवा लागतो का.

त्या वहीने आम्हा दोघींना बोलतं केलं. मेथी नको, पालीची भीती, कान दुखला की गरम कापडाचा शेक. मी काही विचारलं की ती बाई ताठ बसून सांगते, कारण या विषयात तिच्याइतकं कुणालाच कळत नाही. मुलगी मधे बसून दोघींच्या चुका काढते. मला ती मावशी म्हणते. आई म्हणायला लावू नका, हेही तुमचंच.

दर महिन्याला पाहणी होते, लोकांना वाटतं मला त्याचा जाच होत असेल. खरं सांगू? एवढ्या मोठ्या जबाबदारीत कुणीतरी दर महिन्याला येऊन विचारतंय याचा आधारच वाटतो. तुमच्याकडे किती फाइली आहेत ते मी टेबलावर पाहिलंय, तरी तुम्ही मुलीच्या वहीतली चित्रं बघायला वेळ काढता.

तुमच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता देते. ती परत गेली तर मी रडेन, आणि तिचं दप्तर मीच भरून देईन. तिच्या आईने राहायला खोली बघितली आहे, समिती पुढच्या आढाव्यात ठरवेल. तसं झालं तर माझा अर्ज बंद करू नका. कप्पा रिकामा असेल, आणि माझी आईही तयार आहे, तिला पुन्हा विचारून बघा.

तुमची,
एक प्रतिपालक मावशी