प्रतीक्षा यादीत पहिला नंबर असलेल्या माणसाचं काय करायचं असतं, साहेब? क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

११ जुलै २०१९

प्रति,
मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : क्रिकेटपटू अंबाती रायुडूची निवृत्ती आणि कालची मॅच

महोदय,

स. न. वि. वि. आपण क्रीडा खात्याचा कारभार हाती घेऊन जेमतेम दीड महिना झालाय, त्याबद्दल आधी अभिनंदन. आपल्याला मराठी येत नसणार याची कल्पना आहे, पण माझं इंग्रजी राग आल्यावर चालत नाही, म्हणून कुणाकडून तरी वाचून घ्या. दिल्लीत मराठी माणसं भरपूर आहेत.

काल संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आपला क्रिकेटचा वर्ल्डकप सेमीफायनललाच संपला. न्यूझीलंडचे २३९, आपले २२१, म्हणजे १८ रन कमी पडले. मंगळवारी मॅच म्हणून मी ऑफिसात ताप आलाय असं कळवलं, तर मँचेस्टरला पाऊस आला आणि मॅच बुधवारवर गेली, मग तापही बुधवारवर न्यावा लागला. काल बायको आत चहा टाकायला गेली तेव्हा रोहित होता, चहा घेऊन बाहेर आली तेव्हा रोहित एक, कोहली एक, राहुल एक, ५ वर ३. तिने विचारलं हा स्कोअर आहे का ओव्हर आहे. मी काही बोललो नाही. चहा तसाच राहिला, रात्रीचं जेवणही तसंच, आणि आई म्हणाली अरे त्यांना पैसे मिळतात, तू कशाला उपाशी मरतोस. तिचं बरोबरच आहे. पण झोप लागेना म्हणून हे पत्र.

हरलो म्हणून लिहीत नाहीये हो. हरायची सवय आहे, नव्वदच्या दशकात वाढलोय आम्ही. मला राग येतोय तो ३ जुलैचा. त्या दिवशी अंबाती रायुडूने क्रिकेट बोर्डाला मेल टाकला आणि क्रिकेट सोडलं, सगळ्या प्रकारचं. वय ३३. पंचावन्न वनडे, सरासरी ४७. परत वाचा, सत्तेचाळीस. मेलमध्ये धोनी, रोहित, कोहली सगळ्यांचे आभार मानलेत बिचाऱ्याने. इकडे वर्ल्डकप चालू होता, सेमीफायनल आठवड्यावर आलेली, आणि वर्ल्डकपच्या राखीव यादीतला आपला माणूस घरी बसून निवृत्तीचा मेल टाइप करतोय.

आता हे कसं झालं ते आपल्याला सांगतो, कारण आपल्या खात्यात याची फाईल नसणार.

मागच्या ऑक्टोबरात कॅप्टन कोहलीने जाहीर सांगितलं की बॅटिंगला चार नंबरला रायुडू, वर्ल्डकपपर्यंत त्याला पाठिंबा द्यायचा. त्याच महिन्यात मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमला रायुडूने वेस्ट इंडिजला शंभर मारले, ८१ बॉलमध्ये. मग ३ फेब्रुवारीला वेलिंग्टन. रविवार होता, सकाळी साडेसातची मॅच, मी दात घासून येईपर्यंत १८ वर ४. समोर कोण? हाच न्यूझीलंड. बॉलिंगला कोण? हाच बोल्ट आणि हाच मॅट हेन्री. आणि त्या दिवशी रायुडूने ९० काढले, दुसऱ्या बाजूला ४५ करून उभा होता विजय शंकर, आपण अडीचशेच्या वर गेलो आणि जिंकलो. लक्षात येतंय का साहेब, न्यूझीलंडपुढे वरची फळी झोपली की काय करायचं हे ज्या दोघांनी पाच महिन्यांपूर्वी करून दाखवलं, त्यातला एक काल पायाच्या बोटाला लागल्यामुळे टीममध्ये नव्हता आणि दुसरा क्रिकेटमध्येच नव्हता.

कबूल आहे, त्यानंतर ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो फेल गेला. १३, १८ आणि २. मी काही रायुडूचा नातेवाईक नाही, मला हैदराबादला कुणी ओळखत पण नाही. फॉर्म गेला म्हणून काढला असं म्हणाले असते तर चार शिव्या घालून गप्प बसलो असतो. पण १५ एप्रिलला मुंबईत टीम जाहीर झाली आणि निवड समितीचे अध्यक्ष एमएसके प्रसाद यांनी काय सांगितलं, तर विजय शंकर तीन डायमेन्शन देतो. बॅटिंग, बॉलिंग, फिल्डिंग. म्हणजे हा बघा, लग्नाच्या स्थळासारखा प्रकार, मुलगा नोकरीला आहे, स्वयंपाक येतो, शिवाय पेटी पण वाजवतो. अहो पण आम्हाला चार नंबरला बॅट्समन पाहिजे होता! दुसऱ्या दिवशी रायुडूने ट्वीट केलं की वर्ल्डकप बघायला थ्रीडी चष्मा मागवलाय. अख्खा देश हसला. मीही हसलो, फॉरवर्ड पण केलं. आता वाटतं त्याच दिवशी त्याच्या पोटात काय कालवलं असेल ते कळायला हवं होतं.

विजय शंकरचा यात काडीचा दोष नाही हे स्पष्ट लिहितो. पोराने पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच बॉलला विकेट काढली. पण त्याच्या डोक्यावर हे थ्रीडीचं ओझं कुणी ठेवलं? त्याने नाही मागितलं.

पुढचं ऐका. ट्वीटनंतर बोर्डाने सांगितलं की रायुडू आणि पंत हे राखीव बॅट्समन. राखीव म्हणजे काय, वेटिंग लिस्ट. रेल्वेची असते तशी. ओपनर धवनचा अंगठा मोडला, त्याच्या जागी पंत गेला, ठीक, तो डावखुरा, धवन पण डावखुरा, मानून घेतलं. आता वेटिंगमध्ये बॅट्समन म्हणून उरला एकटा रायुडू. वेटिंग वन. १ जुलैला विजय शंकर बाहेर, म्हणजे नेमकी ज्या बर्थसाठी रायुडूला उतरवला होता तीच बर्थ रिकामी झाली. आणि बोलावलं कुणाला? मयंक अगरवालला. ज्याने तोपर्यंत आयुष्यात एकही वनडे खेळली नव्हती आणि जो राखीव यादीतच नव्हता! ओपनर पाहिजे होता म्हणे. तिकडे आईसलँडच्या क्रिकेटवाल्यांनी ट्विटरवर रायुडूला आमच्याकडे ये म्हणून गमतीत आमंत्रण दिलं. आईसलँड! जिथे माशांशिवाय काही मिळत नाही त्यांना आपल्या चार नंबरची कीव आली.

अगरवाल तरी खेळला का? नाही. अख्ख्या वर्ल्डकपमध्ये चार नंबरला राहुल झाला, हार्दिक झाला, विजय शंकर झाला, पंत झाला. चार नंबरला चार माणसं, हिशेब मात्र चोख. आणि धोनी काल सात नंबरला आला तोपर्यंत सत्यनारायण उरकून तीर्थप्रसाद वाटून झालेला. जाडेजाने ७७ मारले म्हणून १८ रननी हरलो, नाहीतर शंभरने होतो.

मला हे एवढं का लागलं ते सांगतो, वेळ असेल तर वाचा.

२०११ मध्ये मी एका सरकारी कार्यालयाची कनिष्ठ लिपिकाची परीक्षा दिली होती. नाव नाही लिहीत, अजून तिथे ओळखीची माणसं आहेत. निवड यादीत नाव नाही आलं, पण खाली प्रतीक्षा यादी होती आणि तिच्यात मी पहिला. पहिला! वडिलांनी पेढे वाटले, मी म्हणत होतो थांबा, तर म्हणाले पहिला म्हणजे झालंच, कुणीतरी एक जण जॉइन होत नाहीच. आणि खरंच एक जण जॉइन झाला नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली याचा मला त्याच्या आईपेक्षा जास्त आनंद झाला असेल. मग मी दर महिन्याला तिथे जायला लागलो. टेबलावरचे साहेब म्हणायचे फाईल वर गेलीय. वर म्हणजे कुठे ते कधी कळलं नाही. नवव्या की दहाव्या महिन्यात गेलो तर त्या खुर्चीवर एक मुलगा बसलेला, डबा उघडून. मला वाटलं पाहुणा असेल. शिपायाने बाजूला घेऊन सांगितलं, भाऊ, आता येऊ नका, ह्यालाच घेतलंय. दोन्ही याद्या मला पाठ होत्या, त्याचं नाव दोन्हीत नव्हतं. अर्ज केला, उत्तर आलं की प्रतीक्षा यादीची मुदत संपली आहे. दोन ओळी. त्या कागदावर सही पण नीट नव्हती. वडील त्यानंतर पेढ्यांचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचे.

तर १ जुलैला टीव्हीवर मयंक अगरवालचं नाव खालच्या पट्टीत फिरायला लागलं तेव्हा मला तो डबा दिसला साहेब. डबेवाल्याची चूक नसते. अगरवालची पण नाही. पण वेटिंग वनवाल्याला कुणीतरी एक फोन करावा ना, बाबा रे, यादी बिदी काही नव्हती, तुझी समजूत काढायला लिहिलं होतं.

आता माझी मागणी. फार नाही. टीम निवडली की कुणाला का घेतलं आणि कुणाला का काढलं हे चार ओळीत लिहून जाहीर करायचं, सहीसकट. राखीव यादी काढली तर ती पाळायची, नाहीतर काढायची नाही. आणि पाच निवडकर्त्यांच्या वनडे एकत्र मोजल्या तर ३१ होतात, एकट्या रायुडूच्या ५५, तेव्हा थ्रीडी वगैरे शब्द वापरताना जरा जपून. जास्त खेळलेलाच चांगला निवडतो असं नाही, मान्य, पण मग नम्रपणे तरी बोलावं माणसाने.

तुम्ही म्हणाल क्रिकेट बोर्ड माझ्या हातात नाही. माहितीये. हीच तर गंमत आहे. बोर्ड सरकारचा पैसा घेत नाही म्हणून सरकारचं नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की घटनेच्या अर्थाने बोर्ड म्हणजे शासन नव्हे. तामिळनाडूच्या कायद्याखाली नोंदवलेली एक सोसायटी, आमच्या बिल्डिंगची असते तशी, फक्त आमच्या सोसायटीला वार्षिक सभेत निदान सेक्रेटरीची कॉलर धरता येते. मग जर्सीवर इंडिया कसं काय? राष्ट्रगीत कसं काय? मॅचला बंदोबस्ताला पोलीस कुणाचे? अर्जुन पुरस्काराला बोर्ड नावं पाठवतं तेव्हा ती तुमच्याच खात्यात येतात ना? तेव्हा देश, आणि हिशेब विचारला की खासगी.

लॉ कमिशनने गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सांगितलं बोर्डाला माहिती अधिकारात आणा. ऑक्टोबरात केंद्रीय माहिती आयोगानेही तसाच आदेश काढला. पुढे? प्रकरण कोर्टात, आणि आम्ही दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करणार कुठे. बोर्ड सुधारायला लोढा समिती झाली, सुप्रीम कोर्टाने नेमलेले प्रशासक बसले त्यालाही दोन वर्षं होऊन गेली, सगळी साफसफाई झाली म्हणतात. केर सगळा सतरंजीखाली.

आणि हे आजचं नाही. आमच्या मुंबईत पद्माकर शिवलकर, फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट, भारताकडून एक मॅच नाही, का तर त्याच जागेवर डावखुरे स्पिनर बिशनसिंग बेदी होते. बरं, बेदी होते, निदान कारण तरी होतं. अमोल मुजुमदार, अकरा हजारांच्या वर रन, पदार्पणात २६०, एक टेस्ट नाही. शाळेत असताना सचिन-कांबळी ६६४ करत होते तेव्हा हा पॅड बांधून पुढच्या नंबरला बसलेला. आयुष्यभर पॅड बांधून बसायची प्रॅक्टिसच झाली ती. करुण नायरने चेन्नईला नाबाद ३०३ मारले आणि पुढच्या टेस्टला बाहेर. तिनशे! आमच्याकडे पोरगं ऐंशी टक्के घेऊन आलं तर आठवडाभर फ्रिजवर मार्कशीट असते, ह्याला त्रिशतकावर नारळ.

हे सगळं लिहून काय होणार आहे ते मला कळतं. तुमच्या ऑफिसात हे उघडेल एखादा कनिष्ठ लिपिक (त्याला माझा नमस्कार सांगा, त्याच्या प्रतीक्षा यादीत कोण होतं ते त्याला विचारू नका). तो शिक्का मारेल आणि योग्य त्या कार्यवाहीसाठी बोर्डाकडे पाठवेल, बोर्ड म्हणेल आम्ही स्वायत्त आहोत, आणि फाईल वर जाईल.

रायुडूला निदान एक फोन करा. तुमच्या खात्याचा खर्च फार नाही येणार. हैदराबादेत असेल. निवृत्ती मागे घे म्हणू नका, तो त्याचा प्रश्न, रागाच्या भरात केलं असेल तर त्याचं तो बघेल. फक्त म्हणा की तू वेटिंग वन होतास हे आम्ही वाचलं होतं.

बाकी उत्तर नको, पोच तेवढी द्या.

कळावे,
आपला,
(नाव खाली लिहीत नाही, ऑफिसच्या रजिस्टरवर मी अजून तापाने फणफणतोय)