लॉक नंतर, आधी सिंकखालचं कपाट रिकामं करा

संपादक महोदय,

घरसजावटीच्या पुरवण्यांमध्ये मॉड्युलर किचनवर भरपूर छापून येतं: लॅमिनेटचे रंग, सॉफ्ट क्लोज, टँडम बॉक्स. घरात रांगणारं मूल असेल तर या ट्रॉल्यांचं काय करायचं, हे मात्र ट्रॉलीवाला सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. मग मूल धरून उभं राहायला लागलं की घाईघाईने ऑनलाइन चाइल्ड लॉक मागवली जातात, दिसेल तिथे चिकटवली जातात आणि थोड्याच दिवसांत त्यातली निम्मी हातात येतात.

लॉक ही शेवटची पायरी आहे. आधी सिंकखालचं कपाट रिकामं करावं. फिनेल, टॉयलेट क्लीनर, ड्रेन क्लीनर, झुरळांचा खडू, उंदरांचं औषध हे सगळं बहुतेक घरांत तिथेच कोंबलेलं असतं आणि नेमकं मुलाच्या नाकासमोर येतं. ड्रेन क्लीनरची पूड म्हणजे मुख्यतः कॉस्टिक सोडा. ओल्या तोंडात थोडी गेली तरी जीभ आणि अन्ननलिका भाजते. त्याचं पाकीट एकदा कापलं की नीट बंद होत नाही, म्हणून अर्धं उरवून ठेवूच नये. उंदीर मारायच्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. त्यावर उतारा नाही. पोटात गेल्यावर मूल एक-दोन दिवस ठणठणीत दिसू शकतं आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. ही पेस्ट भाकरीच्या तुकड्याला लावून ट्रॉलीखाली सारायची पद्धत लहान मूल असलेल्या घरात तरी बंद व्हावी, पिंजरा लावावा. रॉकेल किंवा थिनर कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवणं तर निव्वळ बेफिकिरी. या सगळ्या वस्तू मूळ डब्यांतच, ओट्यावरच्या कपाटात सर्वांत वरच्या फळीवर जाव्यात. अर्थात गॅसच्या वरचं कपाट सोडून.

शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, अख्खे हरभरे यांचे डबेही खालच्या ट्रॉलीतून वर न्यावेत. दाणा श्वासनलिकेत अडकला तर विषापेक्षा कमी वेळ मिळतो. विळी मिटलेली असली तरी खाली नको, उंच खुंटीला अडकवावी. किसणी आणि मिक्सरची भांडीही वरच.

एवढं झालं की लॉक लागणारी कपाटं आणि ट्रॉल्या मोजक्याच उरतात. तिथे पल्ला कसा आहे ते पाहून लॉक निवडावं.

दोन पल्ल्यांना शेजारी-शेजारी उभे हँडल असतील तर यू आकाराचं सरकतं लॉक पुरतं. ना भोक, ना गोंद. भाड्याच्या घरात हेच बरं. हँडलऐवजी कडेला खाचेची पट्टी (प्रोफाइल) असलेल्या पल्ल्यांना ते चालत नाही. तिथे टेपने बाहेरून चिकटवायचं पट्टीचं लॉक किंवा आतून बसणारं, बाहेरून चुंबकाची किल्ली टेकवली की सुटणारं मॅग्नेटचं लॉक लागतं.

पट्टीचं लॉक निघतं ते बहुतेक वेळा पृष्ठभागामुळे. फोडणीचा तेलकट थर नुसत्या ओल्या फडक्याने जात नाही. भांड्यांच्या साबणाने पुसावं, कोरडं करावं, मग सर्जिकल स्पिरिटचा बोळा फिरवून ते उडून जाऊ द्यावं. चिकटवल्यावर अर्धा मिनिट दाबून धरावं आणि 24 तास ओढून बघू नये. खरखरीत, सुएड फिनिशच्या लॅमिनेटवर टेप धरतच नाही, तिथे स्क्रूच हवा. पट्टी ताठ बसवावी. ढिली राहिली तर बोटभर फट पडते; मूल त्यात बोटं घालतं आणि दुसऱ्या हाताने पल्ला ढकलतं. ट्रॉलीच्या आत बसणाऱ्या स्प्रिंगच्या खटक्याचाही हाच दोष. ट्रॉली दोन-तीन सेंटीमीटर बाहेर येऊन अडकते, म्हणजे बोटं चिरडायला पुरेशी. सॉफ्ट क्लोजच्या भरवशावर राहू नये, ते बंद होतानाच्या शेवटच्या टप्प्यातच काम करतं.

मॅग्नेट लॉक सर्वांत पक्कं, कारण बाहेरून काही दिसतच नाही. नेहमीच्या 18 मिलिमीटरच्या प्लायमधून किल्लीचं चुंबक सहज काम करतं. ट्रॉलीची दर्शनी बाजू (फेशिया) स्टीलची असेल तर आधी फ्रिजवरचं चुंबक लावून पाहावं. ते चिकटलं तर हे लॉक तिथे चालणार नाही; तो पत्रा चुंबकाचा जोर स्वतःच खातो. प्लायमध्ये 12 मिलिमीटरचा स्क्रू घ्यावा, 19 चा घेतला तर टोक पल्ल्याच्या दर्शनी बाजूने बाहेर येऊ शकतं. आधी 2 मिलिमीटरचं बारीक भोक पाडावं. पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रू गोल फिरू लागला तर भोकात फेव्हिकॉल आणि गूल काढलेली आगकाडी घालून, सुकल्यावर पुन्हा कसावं. किल्लीचं चुंबक जोरदार असतं, त्यामुळे घरात कोणाला पेसमेकर असेल तर ती छातीपासून किमान 15 सेंटीमीटर लांब ठेवावी. आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात तर अजिबात नको.

सिलिंडरच्या कपाटाला मात्र मॅग्नेट लॉक लावू नये. गॅसचा वास आला की रेग्युलेटर तत्क्षणी बंद करता आला पाहिजे. तेव्हा किल्ली कुठे ठेवली हे शोधत बसायला वेळ नसतो. तिथे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एका हाताने उघडता येईल असं लॉक असावं. मुलाच्या भीतीने त्या कपाटाची जाळी किंवा फटी बुजवू नयेत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खालीच साचतो.

एक ट्रॉली मुद्दाम उघडी ठेवावी. त्यात स्टीलच्या वाट्या, चाळणी, भातवाढी, प्लास्टिकचे डबे घालावेत. सगळंच बंद असलं की मूल लॉकच्या मागे लागतं आणि दोन वर्षांच्या आसपास ते उघडायलाही शिकतं. ही ट्रॉली गॅस आणि सिंकपासून सर्वांत लांबची असावी, म्हणजे कढई उतरवताना मूल पायात येणार नाही. उरलेल्या खोल ट्रॉल्यांना लॉक हवं ते आतल्या भांड्यांसाठी नव्हे. एकावर एक ओढलेल्या ट्रॉल्यांचा जिना होतो. ओटा साधारण 34 इंच उंच आणि दीड वर्षाचं मूल 31-32 इंचांचं. हात तर ओट्यावर आधीच पोचतो, म्हणून तव्याचा दांडा भिंतीकडे वळवलेला हवा.

एवढं करूनही मुलाने काही तोंडात घातलंच तर उलटी करवू नये. मिठाचं पाणी, लिंबू, काहीही पाजू नये. कॉस्टिक परत वर येताना दुसऱ्यांदा भाजतं आणि रॉकेल फुप्फुसात उतरतं. तोंड पुसून 108 ला फोन करावा, डबा किंवा पाकीट सोबत घ्यावं. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 या टोल फ्री क्रमांकावर आहे. पण त्यासाठी दवाखाना लांबवू नये.

ट्रॉलीचं काम करणाऱ्यांना एक विनंती. ऑर्डर घेताना घरात लहान मूल आहे का, हे विचारा. पल्ले अजून बाकड्यावर असताना आतून मॅग्नेट लॉक बसवणं अगदी थोड्या वेळाचं काम आहे. तेच नंतर, भरलेल्या कपाटात डोकं घालून करायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो आणि लॉकचा खटका हमखास तिरका बसतो.

– एक किचन फिटर, चिंचवड