आई-अण्णा, छोट्याच्या डब्याबद्दल

प्रिय आई आणि अण्णा,

साष्टांग नमस्कार. बुधवारी फोनवर छोट्या बोलून गेला, आजोबा आज शाळेत मासा होता आणि मी सगळा संपवला, आणि अण्णा तुम्ही जरासे थांबलात, "बरं बाळा" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरत नाहीये. हे त्याच्या तोंडून कळायला नको होतं. मीच आधी सांगायला पाहिजे होतं, पण फोन लावला की आईच्या शुगरचं, अण्णांच्या गुडघ्याचं निघायचं आणि हा विषय राहून जायचा. राहून जायचा म्हणजे मीच काढत नव्हते.

तर सप्टेंबरपासून, दुसरं सत्र सुरू झालं तेव्हापासून, त्याचा डबा बंद केलाय. तो इथल्या जपानी शाळेतलं जेवण जेवतो, सगळ्यांना असतं तेच. त्यात कधी मासा असतो, कधी मांस असतं. गाईचं असेल त्या दिवशी मात्र मी घरून डबा देते, तेवढं मी सोडलेलं नाही. महिना सुरू व्हायच्या आधी शाळेतून एक कागद येतो, रोज काय शिजणार, त्यात काय काय घातलंय सगळं लिहिलेलं असतं, मी पेन घेऊन बसते आणि खुणा करते.

तुम्ही म्हणाल डबाच चालू ठेवायचा की. ठेवला होता अण्णा, एप्रिलपासून जुलैपर्यंत रोज, पहाटे उठून पोळी-भाजी, कधी थालीपीठ, कधी दही-धपाटे. शाळेनेही हो म्हटलं होतं, कुणी काही बोललं नाही. पण इथे जेवण म्हणजे मधली सुट्टी नसते, तो शिकण्याचाच भाग धरतात, 1954 सालापासून तसा कायदाच आहे. पोरं आपल्याच वर्गात जेवतात आणि वाढपीही पोरंच. पाळी असेल ती पोरं पांढरा एप्रन, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क लावून भाताचं, सूपचं जड भांडं दोघादोघांनी धरून आणतात आणि वाढतात. सगळ्यांच्या पुढ्यात ताट आल्याशिवाय कुणी हात लावत नाही, बाईसुद्धा नाही, त्याही तिथेच बसून तेच जेवतात. मग हात जोडून सगळी एका सुरात 'इतादाकिमासु' म्हणतात, म्हणजे हे अन्न मी नम्रपणे घेतो असं काहीसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपली ओसरी आठवली, तुम्ही श्लोक म्हणेपर्यंत आम्ही भावंडं भाकरीकडे नुसती बघत बसायचो ते.

जूनमध्ये त्याची वाढायची पाळी आली. एप्रन घालून त्याने सगळ्या वर्गाला भात वाढला आणि मग आपल्या जागेवर जाऊन डबा उघडला. घरी येऊन रडला नाही, काही नाही. फक्त विचारलं, आई, मी वाढलेलं मला का नाही?

अण्णा, मला तेव्हा सप्त्याची पंगत आठवली. मी दुसरी-तिसरीत असेन. ऊसतोड करणाऱ्यांचा एक पोरगा मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, त्याला कुणी हटकत नव्हतं आणि कुणी बोलवतही नव्हतं. तुमच्या हातात आमटीची बादली होती, ती खाली ठेवून तुम्ही त्याला दंडाला धरून आणलंत आणि माझ्या शेजारी बसवलंत, मला म्हणालात सरक जरा. त्याच्या पत्रावळीवर पहिली बुंदी तुम्हीच वाढलीत. मी ते विसरले नाहीये.

मी तुमच्या माळेला कमी लेखत नाही, असं चुकूनही मनात आणू नका. मी स्वतः अजून काही खात नाही, तुमचे जावईही घरात आणत नाहीत. इथे साध्या मिसो सूपातसुद्धा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपात, सुकवलेल्या माशाचं पाणी असतं, म्हणून घरी मी समुद्री शेवाळाच्या पट्ट्या आणि वाळवलेलं मशरूम भिजवून ते करते. एकादशीला आपल्याकडे साबुदाणाच, छोट्याही हट्टाने खातो. मार्चमध्ये तुम्ही याल तेव्हा काहीही अडणार नाही. तुमच्यासाठी नवा तवा, नवी पातेली घेऊन ठेवलीत, आईने दिलेलं येसर डीपफ्रीजमध्ये आहे, शाळूचं पीठ तेवढं येताना आणा. टोकियोतल्या निशिकसाईला भारतीय दुकानं आहेत, तिथे डाळी, पोहे, सगळं मिळतं. इथल्या बौद्ध मठांत कांदा-लसूणसुद्धा नसलेलं जेवण करतात, तिथे तुम्हाला मुद्दाम नेणार आहे. चटईची खोली तुमचीच, पण खाली झोपायचं नाही, पलंग मागवलाय, अण्णांचा गुडघा वाकत नाही मला माहितीये.

आणि एक गोष्ट वाचली ती तुम्हाला सांगायचीच होती. इथलं शाळेतलं जेवण सुरू झालं 1889 मध्ये, यामागाता भागात त्सुरुओका नावाच्या गावी, एका देवळातल्या शाळेत. गरिबांची पोरं डबा आणू शकायची नाहीत, म्हणून तिथले भिक्षू घरोघरी फिरून जे मिळेल त्यातून पोरांना जेवू घालायचे. भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं. अन्नदानच की हो.

आता आईसाठी. आई, तू कायम सगळ्यांच्या शेवटी जेवलीस, गार भाकरी, तव्यात उरलेलं पिठलं, तेही चुलीपाशी एकटी. तेव्हा मला ते दिसायचं नाही, आता त्या वर्गातल्या बाईंना पोरांबरोबर जेवताना बघते तेव्हा तूच दिसतेस. तुम्ही आता दोघंच आहात ना घरात? मग भाकऱ्या आधी करून ठेव आणि अण्णांबरोबर ताट घे, साडेसातला, नऊला नाही, शुगरची गोळी घेऊन मालिका बघत बसायचं नाही. अण्णा, तुम्ही तिच्यासाठी थांबायचं. आणि डॉक्टरांनी सांगितलंय तरी दोन्ही एकादश्या निर्जळी धरता ना, आईने सांगितलंय मला. बीपीची गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच, विठोबा रागावणार नाही. तपासणीचे रिपोर्ट शनिवारपर्यंत फोटो काढून पाठवा, दोघांचेही.

या आठवड्यात छोट्याची पुन्हा पाळी होती. शुक्रवारी एप्रन घरी येतो, धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत द्यायचा, मग दुसरं पोरगं तोच घालतं. आत्ता तो माझ्यासमोर वाळतोय, खिशापाशी करीचा पिवळा डाग आहे, दोनदा घासला तरी पूर्ण जात नाहीये.

रविवारी फोन करते, तुमचे साडेसात म्हणजे आमचे अकरा. अण्णा, फोन तुम्हीच घ्या. तुम्ही त्याच्यावर रागावलात का असं तो दोनदा विचारून गेलाय.

तुमची,
ताई